औषध डोळ्याला की गालाला?

कळंब्याचे आमचे दाजी फौंड्रीत पाळीने काम करतात. काचबिंदूसाठी त्यांना टिमोलॉलचे थेंब दिवसातून दोनदा घालायला सांगितले आहेत. सकाळचा थेंब आक्का घालतात. दाजी दुसऱ्या पाळीला असले की संध्याकाळचा राहतो. परवा आम्ही गेलो तर बाटली दाखवून म्हणाले, "डोळ्यात घातलं की गालावर येतंय. औषध डोळ्याला हाय का गालाला?"

आम्हाला हसू आले, पण प्रश्न खरा आहे. डोळ्यात जेमतेम ३० मायक्रोलिटर मावते आणि बाटलीचा थेंब ४० ते ५० चा असतो. उरलेले गालावर येते. आत राहिलेलेही अश्रूंबरोबर नाकात उतरते, म्हणून घशाला कडू लागते. शंभरातले पाच भागही डोळ्याच्या आत पोचत नाहीत. काचबिंदूत बहुधा दुखत नाही, नजर कडेकडेने जाते आणि गेलेली परत येत नाही. त्यामुळे चुकलेला थेंब माणसाला जाणवतच नाही.

यावर शास्त्रज्ञांनी शोधलेला उपाय असा, की औषध बाटलीत पातळ असावे आणि डोळ्यात पडताच खळीसारखे व्हावे, म्हणजे ते लवकर वाहून जात नाही. जेलन नावाचा डिंकासारखा पदार्थ अश्रूंतल्या क्षारांनी घट्ट होतो. तो घातलेल्या टिमोलॉलला अमेरिकेत १९९३ साली परवानगी मिळाली. दोनदाऐवजी एकदाच थेंब पुरतो. पोलोक्सॅमर हा दुसरा पदार्थ गार असताना पातळ असतो, अंगाच्या उबेने घट्ट होतो. घोंगडीला ज्या चिंचोक्याची खळ देतात, त्यातला शुद्ध केलेला अंशही डोळ्यांच्या थेंबांत वापरला गेला आहे. (घरची खळ कुणी डोळ्याजवळ नेऊ नये!)

करायला मात्र हे काम अवघड. जास्त घट्ट झाले तर दिसायला धुरकट, कमी झाले तर वाहून जाणार. शिवाय औषध निर्जंतुक हवे, आणि त्यासाठी दिलेल्या उष्णतेने घट्टपणा बिघडू शकतो. कळंब्यापासून जवळच चित्रनगरीकडे भारती विद्यापीठाचे फार्मसी कॉलेज आहे. औषध घडवण्याची ही विद्या अशाच कॉलेजांत शिकतात. आपल्या वस्तीतल्या बारावी सायन्सच्या मुलामुलींनी तिकडेही पाहावे.

दाजी म्हणाले, "मग मला तसलंच द्या की." बोलता बोलता त्यांना धाप लागली. आम्ही विचारले, तेव्हा कळले की दमा जुनाच आहे, पण डोळ्याच्या डॉक्टरांना सांगितलेला नाही. "डोळ्याचा नि दम्याचा काय संबंध?" संबंध आहे. नाकात उतरलेले टिमोलॉल रक्तात मिसळते आणि दमेकऱ्याला ते धोक्याचे असते. घट्ट होणाऱ्या थेंबातही औषध तेच, म्हणून धोका टळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आक्का त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. औषध बदलून मिळाले आहे. नवा थेंब रात्री एकदाच. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा दोन मिनिटे बोटाने दाबून धरायचा, हेही डॉक्टरांनी करून दाखवले. दुसरी पाळी संपवून दाजी कितीही उशिरा आले, तरी आक्का बाटली घेऊन जाग्याच असतात.