एका घरातले दोन संगणक आणि हरवलेली नोंद

गेल्या महिन्यात सांगलीस ताईच्या घरी चार दिवस मुक्कामाचा योग आला. खाली हळदीची पेढी आणि वर राहते घर, अशी त्यांची जुनी वास्तू आहे. पेढीवरील संगणकात उधारीची एक्सेल फाइल असते. भाचा रात्री ती पेन ड्राइव्हवर वर नेतो, आपल्या लॅपटॉपवर वसुलीची यादी करतो आणि सकाळी पुन्हा खाली आणून ठेवतो. हा परिपाठ दोन वर्षे निर्वेध चालला होता. एके दिवशी भाचा लवकर बाहेर पडला. पेढीवर दिवाणजींनी त्या दिवसाची जमा जुन्या फाइलमध्येच लिहिली, आणि संध्याकाळी भाच्याने आपली फाइल तिच्यावर चढवली. दिवसभराच्या नोंदी पुसल्या गेल्या. त्यांत बार्शीच्या एका व्यापाऱ्याचे चाळीस हजार रुपये होते.

पुढच्या आठवड्यात त्या गृहस्थांना तगाद्याचा फोन गेला. तीस वर्षांचा व्यवहार! त्यांनी शांतपणे बँकेचा संदर्भ क्रमांक सांगितला आणि फोन ठेवला. दाजी मला म्हणाले, "पैसे काय, सापडले. पण त्यांच्या मनात आता आमच्या वहीविषयी शंका आली, तिचं काय करायचं?" बँकेत छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला या प्रश्नाचे वजन वेगळे सांगावे लागत नाही.

उपाय उघड होता. फाइल एकच असावी, ती पेढीवरील संगणकात राहावी आणि वरच्या लॅपटॉपवरून तीच उघडावी. भाच्याने तसा प्रयत्न पूर्वी केलाही होता. परंतु लॅपटॉपला पेढीचा संगणक दिसेचना. एका दुरुस्तीवाल्याने 'फायरवॉल बंद करून टाका' असे सुचवले, दुसऱ्याने नवा संगणक घ्यायला सांगितले. ताळेबंद जुळत नसला म्हणून कोणी नवी खातेवही आणत नाही. फरक कोणत्या पानापासून सुरू होतो, ते पाहावे लागते. आम्ही तसेच बसलो.

प्रथम पाहिले ते दोघांचे पत्ते. काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा रोमन लिपीत दिली की संगणक आपला पत्ता सांगतो. पेढीचा पत्ता निघाला १९२.१६८.१.५ आणि लॅपटॉपचा १९२.१६८.०.१२. तिसरा आकडा पाहावा, वाचकहो. एकाकडे १ आणि दुसऱ्याकडे ०. एरवी घरगुती जोडणीत पहिले तिन्ही आकडे सारखे असतात. येथे ते भिन्न, कारण वरच्या मजल्यावर वायफाय पोहोचत नाही म्हणून मागील वर्षी दुसरा राउटर बसवला होता, आणि तो आपले स्वतंत्र पत्ते वाटू लागला होता. एका घरात दोन पोस्टमास्तर झाले. अशा रचनेत वरून खालचा पत्ता नेमका टाकल्यास कधी उत्तर मिळते. पण यादीत नाव दिसत नाही, आणि खालून वर तर काहीच पोहोचत नाही. दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट' हा पर्याय निवडला, तेव्हा त्याने पत्ते वाटणे सोडले आणि लॅपटॉपला १९२.१६८.१ या घराण्यातला पत्ता मिळाला. (पाहुण्यांसाठी वेगळे 'गेस्ट' वायफाय ठेवले असेल, तर त्यावरील यंत्रांना घरातील इतर यंत्रे बहुधा दिसू दिली जात नाहीत. तो दोष नव्हे, सोय आहे. आणि पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही असे समजावे.)

दुसरी अडचण पेढीच्या संगणकात निघाली. नवे नेटवर्क जोडताना विंडोज १० विचारते की, या नेटवर्कवरील इतरांना तुमचा संगणक दिसू द्यावा काय? सावध माणूस 'नाही' म्हणतो. मग त्या जोडणीवर 'पब्लिक' असा शिक्का बसतो, आणि रेल्वे स्थानकावर वागावे तसा संगणक घरातही तोंड मिटून बसतो. सेटिंग्जमधील नेटवर्क विभागात त्या जोडणीच्या प्रॉपर्टीज उघडून आम्ही 'प्रायव्हेट' निवडले. 'ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज'मध्ये 'नेटवर्क डिस्कव्हरी' आणि 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' सुरू केले. फायरवॉलला हात लावावा लागला नाही. नंतर लॅपटॉपवरून 'पिंग' करून पाहिले, तर पेढीकडून उत्तर आले.

आता दोन उलट्या तिरप्या रेघा देऊन पुढे पेढीचा पत्ता लिहिला, तेव्हा नाव आणि पासवर्डची मागणी झाली. भाच्याने पेढीच्या संगणकाचा चार आकडी पिन टाकला; तो नाकारला गेला. पुन्हा टाकला, पुन्हा नकार. "मामा, मी रोज सकाळी हाच पिन टाकून संगणक उघडतो!" असे तो कळवळून म्हणाला. येथे पुष्कळ जण अडतात. पिन त्या एका यंत्रापुरता असतो, नेटवर्कवरून तो चालत नाही. तेथे खात्याचा खरा पासवर्डच लागतो. ज्या खात्याला पासवर्डच ठेवलेला नाही, त्यालाही विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. आम्ही पेढीच्या संगणकावर केवळ या कामासाठी एक वेगळे खाते उघडून त्याला पासवर्ड दिला. दाजींना ही व्यवस्था फार पटली; तिजोरीची किल्ली एक, दुकानाची दुसरी.

फोल्डर उघडला, फाइल दिसली, पण जतन होईना. याचे कारण मला मात्र चटकन कळले, कारण बँकेत दोन सह्यांचे खाते असते. फोल्डरलाही दोन परवानग्या असतात: एक शेअरिंगची आणि एक खुद्द डिस्कवरील. दोहोंपैकी जी अधिक कडक, ती नेटवर्कवरून लागू होते. डिस्कवर लिहिण्याची मुभा होती, शेअरिंगमध्ये मात्र केवळ वाचण्याची. तेथे नव्या खात्यास 'चेंज' हा अधिकार दिला.

दोन दिवस सारे सुरळीत चालले आणि तिसऱ्या रात्री पेढी पुन्हा अदृश्य झाली. संगणक अर्ध्या तासाने झोपी जात होता, एवढेच! पॉवरच्या सेटिंगमध्ये 'स्लीप' बंद केले. वीज गेल्यावर पत्ता बदलू नये म्हणून राउटरमध्ये त्या यंत्रासाठी पत्ता राखूनही ठेवला.

गोदामात वजनकाट्याजवळ विंडोज एक्सपीचा एक वृद्ध संगणक आहे. त्यालाही जोडावे, असा भाच्याचा आग्रह होता. मी नको म्हटले. त्याला फाइल देवाणघेवाणीची केवळ जुनी, 'एसएमबी १' ही पद्धत येते. याच पद्धतीतील छिद्रातून मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' जगभर पसरला आणि लोकांच्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागत सुटला. म्हणून नव्या विंडोजमध्ये ती मुळात बंद असते. वजनाच्या चिठ्ठ्यांसाठी पेढीच्या हिशोबाचे दार उघडे टाकणे मला परवडणारे वाटत नाही. चिठ्ठ्या कागदावरच येऊ द्याव्यात.

फाइल आता एकच आहे. भाच्याने ती उघडलेली असताना दिवाणजींनी उघडल्यास एक्सेल 'केवळ वाचनासाठी' असे बजावते, आणि दिवाणजी खालून हाक मारतात. रोज रात्री एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन ती डिस्क कपाटात जाते; जोडून ठेवायची नाही, कारण खंडणीखोर विषाणू जोडलेल्या डिस्कवरही पोहोचतो.

मी निघालो त्या सकाळी दाजी फोनवर होते. बार्शीच्या गृहस्थांचा उतारा दिवाणजींकडून मागवून, चष्मा लावून, ते तारीखवार एकेक रक्कम स्वतः वाचून दाखवत होते.