आठ माणसें, दोन कुत्रीं आणि एक मोटार

मोटार घ्यावयाची ठरली म्हणजे घरांत प्रथम रंगावरून वाद होतो, मग किंमतीवरून. आणि तींत प्रत्यक्ष कोण बसणार हा विचार सर्वांच्या शेवटीं, बहुधा पैसे भरून झाल्यावर होतो. आमच्या घरींहि हाच क्रम सुरू झाला होता. आमची जुनी पांच आसनांची मोटार चौदा वर्षें नेकीनें वागली. परंतु धाकट्या भावजयीला दुसरें अपत्य झालें आणि ती एकाएकीं लहान दिसूं लागली. घरांत माणसें आठ : मातुःश्री, आम्ही उभयतां, आमचे चिरंजीव, धाकटा भाऊ, भावजय, त्यांची सहा वर्षांची कन्या आणि पांच महिन्यांचें बाळ. यांखेरीज मोती नांवाचा नऊ वर्षांचा लाब्राडोर, वजन बत्तीस किलो. आणि काळी, वजन सतरा किलो, जिला कोणीहि आणलें नाहीं. एका पावसाळ्यांत ती जिन्याखालीं आली आणि राहिली.

भावाचा हिशेब सरळ होता. "दादा, आठ माणसांना सात आसनें तरी हवींतच. मोठीच गाडी घेऊं. कर्ज सात वर्षांचें काढूं, म्हणजे हप्ता जाणवणार नाहीं."

"आणि मोती, काळी?"

"कुत्र्यांसाठीं मोटार कोणी घेतो का? तीं राहतील घरीं."

याच्यावर मी कांहीं बोलणार तोंच मातुःश्री आंतून म्हणाल्या, "मोतीला ठेवून मी कुठेंहि येणार नाहीं."

हें ऐकून आम्ही दोघेहि गप्प झालों, कारण याच मातुःश्रींनीं नऊ वर्षांत मोतीला स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडूं दिलेला नाहीं. परंतु गेल्या वर्षीं आम्ही गुहागरास व्याडेश्वराच्या दर्शनाला गेलों, तेव्हां दोघां कुत्र्यांना चार दिवस पैसे भरून एका ठिकाणीं ठेवलें होतें. मोतीनें पहिले दोन दिवस अन्नाला तोंड लावलें नाहीं. परत आणला तेव्हां त्याच्या बरगड्या मोजतां येत होत्या आणि मागचा एक पाय तो धरून चालत होता. त्यानंतर आठ दिवस मातुःश्रींनीं उंबऱ्याच्या अलीकडे बसून त्याला मऊ भात भरवला. आतां नव्या बाळाला घेऊन पुन्हा गुहागरास जावयाचें आहे, आणि शहात्तर वर्षांच्या बाईला "पुढच्या वर्षीं जाऊं" असें सांगण्यांत अर्थ नसतो.

तेव्हां मोटारींचीं रंगीत माहितीपत्रकें मीं बाजूला ठेवलीं आणि घरखर्चाची वही काढली. आमच्याकडे पेट्रोलाच्या खर्चापुढें कोठें गेलों व कोण गेलें, हें लिहिण्याची वडिलांच्या वेळेपासून पद्धत आहे. बारा महिन्यांत शहराबाहेरच्या किंवा अर्ध्या दिवसाहून मोठ्या अशा अडतीस फेऱ्या निघाल्या. त्यांपैकीं सर्व घर एकत्र निघालें असे प्रसंग दोन, एक मुंजीचा व एक कुलदैवताचा. सहा-सात माणसें गेलीं असे चार. उरलेल्या बत्तीस फेऱ्यांत माणसें पांच किंवा कमी. आणि एकवीस फेऱ्यांत निदान एक कुत्रें होतें, कधीं पशुवैद्याकडे, कधीं मुळशीकडच्या मित्राच्या शेतावर. म्हणजे भाऊ ज्या आसनांसाठीं सात वर्षें हप्ते भरावयास निघाला होता तीं वर्षांतून सहा वेळां भरणार, आणि ज्यांना तो घरीं ठेवणार होता तीं गाडींत एकवीस वेळां असणार.

कर्जाचा हिशेबहि त्याच बैठकींत केला. दहा लाख रुपये नऊ टक्क्यांनीं सात वर्षांसाठीं काढले तर महिन्याचा हप्ता सुमारें सोळा हजार शंभर, आणि व्याज एकंदर साडेतीन लाख. पांच लाख त्याच दरानें पांच वर्षांसाठीं काढले तर हप्ता दहा हजार चारशेंच्या आंत आणि व्याज सव्वा लाखाच्या आंतबाहेर. दोन व्याजांमधील सव्वादोन लाखांत वर्षाच्या त्या दोन प्रसंगांना मोठी गाडी भाड्यानें घेतली तरी पुष्कळ वर्षें निघतात. येथें एक गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. दुकानांत सांगतात ती किंमत रस्त्यावरची नव्हे. महाराष्ट्रांत दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल मोटारीवर खासगी मालकास अकरा टक्के वाहनकर पडतो. त्यावर विमा व नोंदणी. आठ लाखांची मोटार दारांत येईपर्यंत सव्वानऊ लाखांच्या पुढें सहज जाते.

मोठ्या गाडीविरुद्ध आणखी एक साक्षीदार होता, तो म्हणजे आमची गाडी ठेवण्याची पडवी. तिची लांबी चौदा फूट, म्हणजे ४ मीटर २७ सेंटीमीटर. किया कारेन्सची लांबी ४ मीटर ५४ सेंटीमीटर. मारुती अर्टिगाची जवळजवळ ४ मीटर ४० सेंटीमीटर. रेनो ट्रायबर मात्र सात आसनांची असूनहि ३ मीटर ९९ सेंटीमीटर. हा शेवटचा आंकडा योगायोगाचा नव्हे. आपल्याकडे चार मीटरांच्या आंतल्या, बाराशे सी. सी. पर्यंतच्या पेट्रोल मोटारींवर कर कमी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यांवर वस्तु व सेवा कर अठरा टक्के झाला, आणि याहून मोठ्यांवर चाळीस. म्हणून कारखानदार एक-एक सेंटीमीटर कापून मोटार त्या रेषेच्या आंत बसवितात.

आतां कुत्र्यांच्या जागेविषयीं. मागें स्वतंत्र डिकी असलेली लांबट मोटार कुत्रें पाळणाऱ्यांनीं विचारांतच घेऊं नये. त्या डिकींत हवा नसते, आणि मग कुत्रें माणसांच्या आसनावर येतें. मागचा दरवाजा वर उघडणारी, आंतून सलग असलेली मोटारच हवी. माहितीपत्रकांत ही जागा लिटरांत देतात. ट्रायबरची तिसरी ओळ जागेवर असतां मागें ८४ लिटर उरतात. त्या ओळींतील एक आसन काढलें तर ३२०, दोन्ही काढलीं तर ६२५. अर्टिगांत तिसरी ओळ उभी असतां २०९, आडवी पाडली तर ५५०. पण कुत्रें कांहीं लिटरांनीं बसत नाहीं. मीं शिंप्याची फीत घेऊन मोतीला निजलेला मोजला. अंग सैल टाकून पडण्यास त्याला सव्वातीन फूट लांबी व दोन फूट रुंदी लागते. पाडलेल्या आसनाच्या पाठीला उतार असतो आणि सांध्यांत फट राहते. म्हाताऱ्या कुत्र्याचा पाय वळणावर नेमका तेथें अडकतो. आसन मुळींच काढून ठेवतां येत असेल तर खालीं सपाट जमीन मिळते, आणि ती उंबऱ्याइतक्या उंचीवर असते. ज्यांना इंधनवायूची टाकी बसवून पैसे वांचवावयाचे आहेत त्यांनीं ती टाकी कोठें बसते तें आधीं पाहावें. पुष्कळ गाड्यांत ती मागच्या जागेंत, कुत्र्याच्याच अंथरुणावर येते.

उंचीचा प्रश्न मला दुकानांत गेल्यावर कळला. भावाला एक उंच, जीपसारखी मोटार फार आवडली होती. ती सोडून आम्हीं सर्व मोटारींजवळ एकेकदां मातुःश्रींना बसवून-उतरवून पाहिलें, आणि मोतीलाहि नेलें. विक्रेत्या तरुणाला हें नवीन होतें, पण त्यानें सभ्यपणें पाण्याचें भांडें आणून ठेवलें. लाब्राडोर जातीच्या कुत्र्यांना उतारवयांत खुब्याच्या सांध्याचें दुखणें पुष्कळदां होतें. मोती आतां उडी घेत नाहीं, पुढचे पाय टेकून आपल्याकडे पाहत राहतो. बत्तीस किलो उचलून कमरेइतक्या उंच कांठावर ठेवणें मला एकट्याला शक्य नाहीं. मातुःश्रींच्या गुडघ्यांचीहि तीच तक्रार निघाली. जेथें मोतीचे पाय टेकले तेथें त्यांनाहि सहज बसतां आलें. त्या उंच मोटारीपाशीं मात्र दोघेंहि थबकलीं. भावानें हें पाहिलें आणि त्या मोटारीचें नांव पुन्हा काढलें नाहीं.

बाळाची खुर्ची हें दुसरें प्रकरण. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार-कायद्यानें चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा मुलांसाठींची खुर्ची आवश्यक केली आहे. न वापरल्यास हजार रुपये दंड आहे. दंडाचें सोडून द्या. पांच महिन्यांचें मूल मांडीवर घेऊन आई बसली असतां अपघातांत तिच्या हातांत तें राहत नाहीं, हें एकदां समजलें म्हणजे पुरे. तान्ह्या मुलाची खुर्ची मागें तोंड करून बसवितात, आणि जिच्यापुढें चालू एअरबॅग आहे त्या आसनावर ती कधींहि ठेवूं नये. पण एकदां ती दुसऱ्या ओळींत बांधली कीं तें आसन दुमडत नाहीं, आणि तिकडून तिसऱ्या ओळींत जाण्याची वाट बंद होते. आपल्याकडे पदपथ डावीकडे असतो. म्हणून खुर्ची उजवीकडे, चालकाच्या मागें बांधावी आणि डावी बाजू येण्याजाण्यास मोकळी ठेवावी. विकत घेण्यापूर्वीं ती खुर्ची दुकानांत नेऊन बांधून पाहावी. आम्हीं एका मोटारींत बांधली तेव्हां पुढचा चालक सुकाणूला छाती लावून बसला.

कुत्र्यालाहि बांधावें लागतें, हें भावजयीला प्रथम क्रूरपणाचें वाटलें. हिशेब असा : ताशीं पन्नास किलोमीटर वेगानें जाणारी गाडी सेकंदाच्या दहाव्या भागांत थांबली, तर मोतीचें अंग पुढच्या आसनावर सुमारें साडेचारशे किलोंच्या जोरानें आदळेल. पुढें बाळ असणार. म्हणून छातीवरून येणारा रुंद पट्टा (गळपट्टा नव्हे, त्यानें मान मोडेल), आणि शिवाय आसनांच्या पाठीमागें जाळी, इतकें आम्हीं मोटारीच्या किंमतींतच धरलें. टक्करचांचणीचे तारे पाहतांना ते कोणत्या वर्षींचे आहेत हेंहि पाहावें. ग्लोबल एनकॅपनें २०२२ मध्यें नियम कडक केले, आणि २०२३ पासून भारत एनकॅपची आपली चांचणी सुरू झाली. जुने चार तारे आणि नवे चार तारे एकच नव्हेत.

हवेचें मात्र कोणी सांगत नाहीं. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाहीं. तें धापा टाकून अंग निववितें, आणि भोंवतालची हवाच तापली तर धापांचा उपयोग होत नाहीं. बाहेर पस्तीस अंश असतां उन्हांत बंद ठेवलेली मोटार अर्ध्या तासांत पन्नासांच्या पलीकडे जाते. कांच दोन बोटें उघडी ठेवल्यानें फारसा फरक पडत नाहीं. म्हणून "पांच मिनिटांत येतों" म्हणून कुत्र्याला गाडींत सोडून देवळांत कधींहि जाऊं नये. आणि घेण्यापूर्वीं स्वतः मागच्या जमिनीवर बसून थंड हवा तेथवर पोंचते कीं नाहीं हें पाहावें. मीं बसून पाहिलें. दुकानांतील मंडळी हंसलीं. पण एका मोटारींत ती पोंचत नव्हती, हें त्यामुळेंच कळलें.

भावाची शेवटची हरकत एंजिनाची होती, आणि ती खोटी नव्हती. ट्रायबरचें एंजिन ९९९ सी. सी. चें, अर्टिगाचें १४६२ चें. उंब्रजहून पाटण, कोयनानगर करून कुंभार्ली घाटानें चिपळुणास उतरावयाचें, आणि येतांना तोच घाट भरल्या गाडीनें चढावयाचा. लहान एंजिनाची भरलेली मोटार चढणीला दुसऱ्या गिअरवर धीरानें न्यावी लागते, पुढच्याला मागें टाकण्याचा मोह आंवरावा लागतो, आणि चाकांतील हवा दाराच्या चौकटीवरील पत्रकांत भरल्या वजनासाठीं लिहिली आहे तितकी ठेवावी लागते. "मग घाटांत मी मागेंच राहायचें?" भावानें विचारलें. भावजय म्हणाली, "बाळ गाडींत असतां तुम्ही मागें राहिलेलेच बरे." पडवी, कर आणि कर्ज यांपुढें एंजिनाचें मत एकटें पडलें. लहान मोटार ठरली. रंग करडा घेतला, कारण फिकट आसनांवर काळीचे केंस व गडद आसनांवर मोतीचे, असें दुहेरी संकट होतें. तरी अखेर आंत मातुःश्रींच्या जुन्या गोधड्याच पसरल्या आहेत, ज्या धुतां येतात. मोतीसाठीं सुतारानें साडेचार फुटांची फळी करून दिली व तिला काथ्याची चटई ठोकली. तिच्यावरून चढावयास तो तीन दिवसांत शिकला, गूळ लागला. एक अडचण आधीं सुचली नव्हती : पडवींत मोटार उभी असली कीं मागचा दरवाजा उघडण्यास जागा राहत नाहीं. म्हणून ती बाहेर काढून मग मोतीला चढवावें लागतें.

पुढील महिन्यांत गुहागरास जाणें आहे. तिसऱ्या ओळीचीं दोन्ही आसनें काढलीं आहेत. भाऊ चालविणार, पुढें मातुःश्री, मागें उजवीकडे बाळ, मधें भावजय, डावीकडे कन्या, जाळीपलीकडे मोती आणि काळी. त्यांना निघण्यापूर्वीं तीन-चार तास खाणें द्यावयाचें नाहीं, आणि दर दोन तासांनीं उतरवावयाचें. आम्ही उभयतां आणि चिरंजीव आदल्या रात्रीं एस. टी. नें जाणार आहों. नैवेद्याची पिशवी स्वतःच्या पायांशीं राहील, मागें ठेवावयाची नाहीं, एवढी एकच अट मातुःश्रींनीं घातली आहे. काढलेलीं दोन आसनें जुन्या लुगड्यांत गुंडाळून माझ्या खाटेजवळ ठेवलीं होतीं. त्यांवर काळीनें बस्तान बसविलें आहे, आणि तीं पुन्हा गाडींत बसवावयाचीं झालीं तर तिची समजूत कोणी काढावी, यावर घरांत अद्याप एकमत नाहीं.