गुडघाभर पाण्याचा भरवसा

गेल्या जानेवारीत धाकट्याने विचारले, "आई, आपल्या गावाजवळ समुद्र सोडून दुसरे मोठे पाणीच नाही का?" आपले गाव म्हणजे त्याच्या लेखी जॉर्ज टाउन. आमचे मूळ घर विट्याकडचे. गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यापायी खानापूर-आटपाडीची जी कुटुंबे देशभर पांगली, त्यांतलेच एक आमचे. सासऱ्यांनी साहुकारपेठेत भट्टी टाकली आणि आम्ही इथलेच झालो.

उत्तर म्हणून मी त्याला सेंट्रल स्टेशनजवळचा बकिंगहॅम कालवा दाखवला. त्याने नाक दाबले. दाबणारच! आज त्यात काळे सांडपाणी आहे. पण 1806 मध्ये मद्रासहून एन्नूरपर्यंत खणलेला हा कालवा पुढे उत्तरेला वाढवला गेला आणि एका अवाढव्य सरोवराला जाऊन मिळाला. त्याच वाटेने श्रीहरिकोट्याच्या जंगलातले सरपण होड्यांतून मद्रासला येई. आपल्या गल्लीतल्या जुन्या चुलींनी ते लाकूड नक्की जाळले असणार.

ते सरोवर म्हणजे पुलिकत. तमिळमध्ये पळवेरकाडु. चेन्नईपासून साठेक किलोमीटरवर, आणि तरी आपल्यापैकी कितीजण तिथे गेलेत? मी वीस वर्षांत गेले नव्हते.

खाऱ्या-गोड्या पाण्याच्या सरोवरांत ओडिशाच्या चिल्कानंतर देशात याचाच नंबर. लांबी सुमारे 60 किलोमीटर. बराचसा भाग आंध्रात, दक्षिणेचे टोक तेवढे तमिळनाडूत. समुद्र आणि सरोवर यांच्यामध्ये वाळूची लांब पट्टी आहे, तिचेच नाव श्रीहरिकोटा. होय, रॉकेट उडतात ते. पण मला आकड्यांत सगळ्यात नवल वाटले ते खोलीचे. सरासरी खोली जेमतेम एक मीटर! म्हणून भरतीला पाणी सुमारे 450 चौरस किलोमीटरवर पसरते आणि ओहोटीला 250 च्या आसपास आकसते. परातीत तांब्याभर पाणी ओतून परात जरा कलवून बघा, तसे.

पाण्याची चवही बदलत राहते. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पावसात आरणी आणि काळंगी नद्या गोडे पाणी आणतात. उन्हाळ्यात ते आटत जाते आणि काही ठिकाणी समुद्राहूनही खारट होते. उत्तरेकडे तर तळ उघडा पडून भेगाळतो.

इतके उथळ पाणी कशाला उपयोगी, असे आपल्याला वाटेल. उलट आहे. ऊन थेट तळापर्यंत पोचते, चिखलात शेवाळे आणि बारीक जीव पोसले जातात, त्यांवर कोळंबी, खेकडे, बोयी वाढतात. रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, लांब पायांवर उभे राहून तळ चाळू शकतात ते पाणी गुडघ्याएवढेच आहे म्हणून. भिगवणला उजनीच्या काठावर ते पाहिलेल्यांना हे दृश्य ओळखीचे वाटेल, फक्त इथे पलीकडचा काठ दिसत नाही.

आम्ही सेंट्रलहून गुम्मिडिपूंडीची लोकल पकडून पोन्नेरीला उतरलो. तासाभराचा प्रवास. पुढे बस. गावात आधी डचांची दफनभूमी पाहिली. 1613 मध्ये डचांनी इथे गेल्ड्रिया नावाचा किल्ला बांधला. आपल्या फोर्ट सेंट जॉर्जच्या आधी कितीतरी वर्षे हे बंदर गजबजलेले होते. किल्ल्याचे आता फारसे काही उरलेले नाही, पण दफनभूमीच्या दारावर दगडात कोरलेले दोन सांगाडे अजून पहारा देतात. मुलांना दिवसभरातले तेच सर्वात जास्त आवडले, हे प्रामाणिकपणे सांगते.

मग काठावर आलो. ओहोटी होती. लांबवर काही बायका कमरेएवढ्या पाण्यात वाकून हातांनीच तळ चाचपत होत्या. ताडाच्या पानांची टोपली दातांत धरलेली, हाताला लागलेली कोळंबी तिच्यात. इरुळर समाजातल्या बायका अशी कोळंबी धरतात. दिवसभर दातांत टोपली धरून बघा म्हणजे कळेल, असे सासूबाई म्हणाल्या आणि नंतर कोळंबीच्या भावावरून घासाघीस केली नाही.

इथल्या कोळी गावांचा एक जुना रिवाज आहे, त्याला पाडु म्हणतात. पाण्यातल्या कुठल्या जागी कोणी कधी जाळे लावायचे, हे गावकरी आपसात पाळीने ठरवतात, म्हणजे चांगली जागा कायम एकाच्याच ताब्यात राहत नाही. आपल्याकडे पाटाच्या पाण्याची पाळी असते ना, तसेच. मासळी कमी झाली की भांडणेही होतात. समुद्राकडचे तोंड वाळूने बुजू लागले की भरतीचे पाणी आत येत नाही, कोळंबीची पिल्ले येत नाहीत, आणि होड्यांनाही बाहेर पडता येत नाही. म्हणून तोंड मोकळे ठेवा, ही इथल्या कोळ्यांची वर्षानुवर्षांची मागणी आहे. सहलीला जाताना हे लक्षात ठेवा, कारण आपली मौज चालते ती त्यांच्या कामाच्या जागेत.

एक होडीवाला पुढे आला. "समुद्राच्या तोंडापर्यंत नेतो, या." होडीत आधीच दहाबारा माणसे. मी लाइफ जॅकेट विचारले. तो हसला. "अम्मा, पाणी एवढेच तर आहे," म्हणून त्याने गुडघ्याला हात लावला.

त्याचे म्हणणे खोटे नव्हते, पण अर्धेच होते. 2011 च्या नाताळाच्या दिवशी याच पुलिकतला फिरायला गेलेल्यांची होडी उलटली आणि 22 जण बुडाले. त्यानंतर प्रशासनाने पर्यटकांच्या होड्यांवर बंदी आणली होती. सरासरी एक मीटर याचा अर्थ सगळीकडे एक मीटर नव्हे. तोंडापाशी भरती-ओहोटीचा लोट अरुंद वाटेतून जातो, तिथे तळ खोल आणि ओढ जबर. बाकी ठिकाणी चिखल आहे, पाय रुतला की पोहता येणाराही घाबरतो. आणि वारा! उथळ पाण्यात लाट तळाला अडून आखूड आणि उभी होते, होडीला एकामागून एक धक्के बसतात.

माझी एक भाची कॅनडात असते, विनिपेग सरोवराच्या बाजूला. ते 24,000 चौरस किलोमीटरहून मोठे, पण सरासरी खोली 12 मीटरच. उन्हाळ्यात वाळूवर जत्रा, हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून मासेमारी. तिच्याशी फोनवर बोलले तर म्हणाली, मावशी, इथेही वारा पाणी एका काठाला ढकलतो, लाटा बघता बघता चढतात, म्हणून जॅकेट घातल्याशिवाय आम्ही होडीत पाऊल टाकत नाही.

तर मी नाही म्हटले. धाकटा रुसला, थोरलीने "आई नेहमी असेच करते" सुनावले. होडी गेली आणि तासाभराने सुखरूप परतही आली, त्यामुळे तर मी आणखीच वाईट ठरले. मग पुलावरून पलीकडे दीपगृहाच्या बाजूला गेलो, किनाऱ्यावर डबे उघडले.

तुम्ही जाणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा, सकाळी लवकर. फ्लेमिंगोच पाहायचे असतील तर सेंट्रलहून सुल्लुरपेटाची गाडी धरा. तिथून श्रीहरिकोट्याकडे जाणारा रस्ता सरोवरातूनच जातो, आणि होडीत न बसता दोन्ही बाजूंना पक्षी दिसतात. दुर्बीण घ्या, पाणी घ्या, प्लास्टिक परत आणा. होडीत बसायचेच तर फेरीला परवानगी आहे का ते आधी विचारा, प्रत्येकाला जॅकेट मिळाले तरच चढा. लहान मुलांच्या मापाचे आहे का, तेही बघा.

परतीच्या लोकलमध्ये धाकटा माझ्या मांडीवर झोपला. बेसिन ब्रिज आल्यावर त्याला उठवले. डोळे चोळत तो खिडकीतून बघत राहिला आणि नाक न दाबता म्हणाला, "आई, या कालव्यातून आता होडी का नाही जात?"

मला उत्तर आले नाही.