गुरुजींची शाळा नेरळातच भरवा

शाळेत पर्यावरण शिकवायचे की नाही, हा प्रश्न केव्हाच निकाली निघाला आहे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये आदेश दिला, २००३ मध्ये तो पुन्हा बजावला आणि विषय सक्तीचा झाला. आज तिसरीपासून परिसर अभ्यास आहे, नववी-दहावीला जलसुरक्षा आहे, अकरावी-बारावीला पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा आहे. पुस्तके छापून झाली. ती शिकवणाऱ्याने कुठे शिकायचे, हे मात्र अधांतरी राहिले. निदान नेरळ, कर्जत, खालापूर या पट्ट्यापुरते ते ठरवता येईल आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही. म्हणून कर्जत आणि खालापूर या दोन्ही पंचायत समित्यांच्या शिक्षण विभागांपुढे हे मुद्दे.

१. तास आधीच ठरलेले आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान पन्नास तासांचे प्रशिक्षण सांगितले आहे. ते बहुतेक मोबाईलवर भरून निघतात. व्हिडिओ पाहायचा, प्रश्न सोडवायचे, प्रमाणपत्र उतरवून घ्यायचे. व्हिडिओ वाईट असतो असे नाही. पण गडचिरोलीला आणि नेरळला तोच असतो. मागणी एवढीच की, पन्नासपैकी अठरा तास, म्हणजे तीन पूर्ण दिवस, तालुक्यातल्या शिवारात, नदीवर आणि डोंगरात घालवलेले धरावेत. बारा आणि चोवीस वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ व निवड वेतनश्रेणीसाठी जे प्रशिक्षण होते, त्यातही असा एक दिवस घालावा. शिक्षक वेतनश्रेणीसाठी येतात म्हणून नाक मुरडायचे कारण नाही. येतात ना, मग त्या दिवसाचे सोने करावे.

२. एक दिवस नदीचा. कोकणातल्या नद्या आखूड, पावसाळ्यात दुथडी आणि उन्हाळ्यात कोरड्या, असे आपण पाठ केलेले असते. नेरळची पोरे मात्र भर एप्रिलात उल्हास नदीत डुंबतात. याचे उत्तर भिवपुरीला आहे. तिथले टाटांचे वीजघर १९२२ पासूनचे. घाटावर मावळात ठोकरवाडीला आंध्रा नदी अडवली आहे. तिचे पाणी एरवी इंद्रायणीतून भीमेला आणि पुढे बंगालच्या उपसागराला गेले असते. ते डोंगर उतरवून जनित्रांवर सोडतात आणि वीज काढून झाली की ते पेज नदीतून उल्हासला येते. राजनाल्याखालचे उन्हाळी भातही याच पाण्यावर. खालापूरकडे पाताळगंगेची गोष्ट अशीच, तिथे खोपोलीचे वीजघर १९१५ चे. घाटावर टंचाई वाढली की हे पाणी पुन्हा पूर्वेकडे वळवा, अशी मागणी उठते. सोलापूरच्या शेतकऱ्याची तहान खरी आणि कर्जतच्या शेतकऱ्याची सवयही खरी. सातवीच्या वर्गाला यावर मनसोक्त भांडू द्यावे. पण त्यासाठी शिक्षकाने वीजघरातून निघणारे पाणी कुठे जाते, ते एकदा चालत पाहिलेले हवे. एवढा मोठा धडा दाराशी असताना जलसुरक्षेच्या तासाला नुसते ‘नळ बंद करा’ सांगणे म्हणजे करंटेपणा आहे.

३. दुसरा दिवस भाताचा. कर्जतला कोकण कृषी विद्यापीठाचे भात संशोधन केंद्र आहे. ‘कर्जत’ नावाने निघालेले भाताचे वाण राज्यभर पेरले जातात. नेरळला सगुणा बाग आहे. तिथे चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा राइस टेक्निक म्हणजे एसआरटी उभे केले. त्यात नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. गादीवाफ्यावर टोकण करायची आणि कापणीनंतर मुळे जमिनीतच कुजू द्यायची. शेजारच्या वाडीत अजून राब भाजतात, चिखल करतात, लावणी करतात. दोन्ही शेते एकाच दिवशी पाहिली तर तुंबलेल्या पाण्यातून निघणारा मिथेन, मातीचा सेंद्रिय कर्ब आणि मजुरी हे तिन्ही विषय बांधावर उभ्याने कळतात. पण हे प्रचाराचे भाषण होता कामा नये. एसआरटीत तण मारायला तणनाशक वापरतात आणि त्यावर आक्षेप आहेत. ते आक्षेप शिक्षकांनी तिथेच, करणाऱ्यांच्या तोंडावर विचारावेत. संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनाही बोलवावे. हो ला हो करून परतायचे असेल तर मोबाईलवरचा व्हिडिओ काय वाईट?

४. तिसरा दिवस रानभाज्या आणि दरडी यांचा, निम्मा-निम्मा. रानभाज्या शिकवणारे कोण? ठाकर आणि कातकरी बायका. शेवळ कोणत्या आठवड्यात फुटते, ते खाजू नये म्हणून काकडाची फळे किती घालायची, टाकळा केव्हा कोवळा असतो, कोणते कंद आधी उकळून पाणी टाकायचे, हे ज्ञान तालुक्यात त्यांच्याकडे जेवढे आहे तेवढे कुठल्याच पुस्तकात नाही. त्यांचीच मुले आपल्या वर्गात मागच्या बाकावर गप्प बसलेली असतात. त्या बायकांना साधनव्यक्तीचा दर्जा द्यावा आणि शहरातून येणाऱ्या व्याख्यात्याइतकेच मानधन. श्रीफळ-शाल नको. रोजंदारी बुडवून येणाऱ्या बाईला नारळाचा काय उपयोग?

५. इर्शाळवाडी. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली ही ठाकरवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसे बेपत्ता राहिली. दरडप्रवण गावांच्या यादीत वाडीचे नावच नव्हते, हे नंतर सरकारनेच सांगितले. यादी चुकते तेव्हा उरते ती तिथल्या माणसाची नजर. जमिनीला नवी भेग पडणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, झाडे आणि खांब कलणे ही लक्षणे वाडीवरच्या प्रत्येक शिक्षकाला प्रत्यक्ष उतारावर नेऊन दाखवली पाहिजेत आणि दिसल्यावर तहसीलमध्ये कुणाला फोन करायचा, तेही. शिक्षक भूवैज्ञानिक नव्हे. त्याच्यावर भाकिताची जबाबदारी टाकू नये. पण उतारावरच्या शाळेत दहा वर्षे काढून हे माहीत नसणे, यात दोष प्रशिक्षणाचा आहे.

६. माथेरान आणि भोवतालचा सुमारे २१५ चौरस किलोमीटरचा प्रदेश फेब्रुवारी २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. तिथे काय बांधता येते, काय तोडता येत नाही, हे त्या अधिसूचनेत आहे. फार्महाऊसच्या जाहिराती आपण रोज वाचतो, अधिसूचना नाही. शिक्षकांनी ती एका दुपारी एकत्र बसून वाचावी.

७. आता अडचण, आणि ती खरी आहे. वाड्यांवरच्या बहुतेक शाळा द्विशिक्षकी. एक गुरुजी प्रशिक्षणाला गेले की दुसऱ्याच्या गळ्यात सगळे वर्ग. त्यात निवडणूक, सर्वेक्षण, पोषण आहाराच्या नोंदी आणि ‘एक पेड माँ के नाम’चे फोटो पोर्टलवर चढवणे. रोप जगले की नाही, हे कुणी विचारत नाही; फोटो चढला का, ते विचारतात. त्यामुळे नवे ओझे नको. केंद्रस्तरीय शिक्षण परिषदा होतातच. वर्षातल्या तीन परिषदा सभागृहाबाहेर काढाव्यात. अहवाल, फोटो, बॅनर काही मागू नये. प्रत्येक शिक्षकाने परतल्यावर आपल्या शाळेच्या एका कोसाच्या आतला एकच पाठ स्वतः लिहावा, आणि तो पनवेलच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने वाचून दुरुस्तीसह परत पाठवावा. ‘वाचला’ एवढा शेरा मारून फाईलला लावायचा असेल तर मागूच नये.

८. वेळापत्रक पावसाने ठरवावे. शाळा जूनच्या मध्याला उघडतात. शेवळ तेव्हा निघालेले असते, म्हणून रानभाजीचा अर्धा दिवस तिथेच, पहिल्या परिषदेला. दरडीचा अर्धा दिवसही जूनमध्येच, जोराचा पाऊस लागायच्या आत. जुलैत कुणाला डोंगरावर नेऊ नये. भाताचा दिवस ऑक्टोबरात, कापणीच्या तोंडावर. वीजघराच्या पाण्याचा दिवस मार्चमध्ये, बाकीचे ओढे आटलेले असताना. प्रवासभत्ता त्याच महिन्यात मिळावा. एसटी आणि टमटमचे पैसे गुरुजींनी खिशातून घालायचे आणि बिल पुढच्या आर्थिक वर्षात निघायचे, असे झाले तर दुसऱ्या वर्षी कुणी येणार नाही.