पार्किन्सन्स : केंद्र मोठे व्हावे, की जवळ यावे?

आपल्या मंडळाच्या कार्यक्रमांना पहिल्या रांगेत बसणारे काही ज्येष्ठ हल्ली येत नाहीत. घरी जाऊन विचारपूस केली की कारण कळते : पार्किन्सन्स, म्हणजेच कंपवात. हात थरथरतो, खुर्चीतून उठायला वेळ लागतो, चारचौघांत चहाचा कप धरायला संकोच वाटतो. बेळगावहून उपचारासाठी कुणी पुण्याला जातात, कुणी बेंगळुरूला. डॉक्टरांची भेट काही महिन्यांतून एकदा होते. उरलेले दिवस घरच्यांनाच निभवावे लागतात.

मोठ्या शहरांत या आजाराची विशेष केंद्रे वाढत आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. अवघड निदान किंवा मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याची शस्त्रक्रिया यांसाठी अशी केंद्रेच हवीत. पण केंद्राची वाढ केवळ खाटा आणि यंत्रे यांवर मोजून चालणार नाही.

नेदरलँड्समध्ये नायमेखन येथील तज्ज्ञांनी २००४ मध्ये ‘पार्किन्सननेट’ सुरू केले. त्यांनी रुग्णाच्या घराजवळच्या फिजिओथेरपिस्टांना या आजाराचे खास प्रशिक्षण दिले आणि रुग्ण त्यांच्याकडेच पाठवले, म्हणजे त्यांचा अनुभवही वाढत गेला. पुढे वाचा-उपचारतज्ज्ञ, परिचारिका आदी जोडले गेले. आज देशभर तीन हजारांहून अधिक जण या जाळ्यात आहेत. खास प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टकडे जाणाऱ्या रुग्णांत गुंतागुंत कमी होते आणि खर्चही कमी येतो, असे तेथील अभ्यासांत दिसले.

आपल्याकडेही उदाहरणे आहेत. मुंबईत डॉ. बी. एस. सिंघल यांनी २००१ मध्ये स्थापन केलेली ‘पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी’ आधारगटांतून व्यायाम, बोलण्याचा सराव आणि मानसिक आधार देते. तिचे काम मुंबईबाहेरही पोचले आहे. पुण्याचे पार्किन्सन्स मित्रमंडळ तर मराठीतूनच चालते. तेथे रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. सांभाळणाऱ्यालाही नाव आणि मान मिळतो, हे महत्त्वाचे.

सरकारी मदतीचे काय? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सन्सचा समावेश आहे. पात्र रुग्णांनी प्रमाणपत्र जरूर काढावे. २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्वांना ‘आयुष्मान भारत’चे संरक्षण आहे, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर मिळते. या आजाराचा खर्च मात्र बहुतांशी रोजच्या गोळ्या, व्यायाम आणि घरातील मदतनीस यांवर होतो. ही उणीव धोरणकर्त्यांपुढे मांडत राहायला हवी.

तोवर आपण काय करू शकतो? महिन्यातून एक दुपार मंडळाचे सभागृह यासाठी ठेवता येईल. एखाद्या फिजिओथेरपिस्टला बोलावून सामूहिक व्यायाम घेता येईल. घरच्यांना आपसांत बोलता येईल. गोळ्यांच्या वेळांचे कार्ड प्रत्येकाला करून देता येईल. दुसऱ्या कारणाने रुग्णालयात जावे लागले तरी लेव्होडोपाची वेळ चुकू नये, म्हणून ते सोबत असावे. औषधांत बदल मात्र डॉक्टरांनाच विचारून करावा.

यासाठी इमारत लागत नाही, माणसे लागतात. आणि ती आपल्याकडे आहेत. पुढच्या कार्यक्रमाला अशा एका ज्येष्ठांना आपण स्वतः जाऊन घेऊन येऊ या. चहाचा कप अर्धाच भरून देऊ या, म्हणजे तो सांडण्याची भीती उरणार नाही.