नववीचं वर्ष वगळू नका

अमेरिकेत हायस्कूल चार वर्षांचं असतं, नववी ते बारावी. आम्ही २०२४ ची बॅच. आमची नववी २०२० मध्ये सुरू झाली. तेव्हा कोरोनामुळे खूप शाळांचे वर्ग कॉम्प्युटरवर भरत होते.

आता ग्रॅज्युएशनसाठी आठवणींचा स्लाइड-शो बनतोय. त्यात फुटबॉलचे सामने, नाटक, प्रॉम असं सगळं आहे. नववी मात्र नाही. काही जण म्हणतात, "ते वर्ष वायाच गेलं. कशाला आठवायचं?"

मला हे पटत नाही. त्या वर्षी कोणी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून परीक्षा दिली. कोणी धाकट्या भावंडांना सांभाळत वर्गात हजेरी लावली. कोणाचे आजी-आजोबा भारतात वारले आणि घरच्यांना शेवटचं भेटायलाही जाता आलं नाही. अशा मुलांना "ते वर्ष विसरा" असं कसं सांगायचं? त्यांनी तेव्हाही अभ्यास केला, तेव्हाही ती आपल्याच वर्गात होती.

हो, त्या वर्षाचे छान फोटो नाहीत. मग ज्या टेबलावर बसून शिकलो, त्या टेबलाचा फोटो लावा. ज्यांचं माणूस गेलं, त्यांना विचारा. त्यांना हवं असेल, तर त्या माणसाचं नाव लिहा.

आनंदाचे दिवस आपोआप आठवतात. कठीण दिवस एकमेकांसाठी आठवावे लागतात. तुम्हाला काय वाटतं?