कार्ड दिले, पण आईला शिकवणार कोण?

विदर्भातल्या आपल्या वस्त्यांना आणि आदिवासी पाड्यांना सिकलसेल नवा नाही. 1 जुलै 2023 ला केंद्राने निर्मूलन अभियान सुरू केले; मुदत 2047 ची, तपासणी 7 कोटी लोकांची. तपासणी हवीच. पण कार्ड हातात देऊन आईला घरी पाठवणे म्हणजे उपचार नव्हे!

पोर हाडे दुखतात म्हणून रडते, तेव्हा "नाटक करतो" हे आम्ही वॉर्डात ऐकले आहे. वेदना थर्मामीटरवर दिसत नाही. म्हणूनच परिचारिकेने मुलाला चेहऱ्यांची चित्रे दाखवून ती मोजायची, कागदावर नोंदवायची असते. डाव्या बरगडीखाली पाणथरी कशी चाचपायची, ताप येताच रात्रीसुद्धा दवाखाना का गाठायचा, पाणी भरपूर का पाजायचे, बरे वाटले तरी हायड्रॉक्सियुरिया मनाने का थांबवायचे नाही, हे आईला तिच्या बोलीत शिकवायचे असते.

एका परिचारिकेवर अख्खा वॉर्ड टाकल्यावर हे होणार कसे? दोष तिचा नाही, पदे रिकामी ठेवणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

बाबासाहेबांचे "शिका" फक्त शाळेपुरते नाही. आमची मागणी साधी आहे: पदे भरा, आणि आईला काय शिकवले ते डिस्चार्ज कार्डावर लिहा. तोवर विहाराविहारांत आपण आयांचे वर्ग घेऊ.

जय भीम!